मेजरसाहेबांचं कलम नऊ

"तिला विचारा ना, तिचा तर हाच विषय आहे," असं माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि मी पाणी प्यायला उठले.

मंडळाच्या हॉलमध्ये माठ दाराजवळ असतो. तिथून पुढे बाहेर सटकणं अवघड नव्हतं. पण मी माठापाशी पोचेपर्यंत चिटणीसकाकांनी माईकवर माझं नाव घेतलं होतं आणि टाळ्याही वाजल्या होत्या. आमच्या मंडळात टाळ्या वाजल्या म्हणजे ठराव मंजूर. अशा रीतीने, हातात स्टीलचा पेला घेऊन, लोकांकडे पाठ करून, मी घटना समितीची सदस्य झाले.

घटना म्हणजे भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या मराठी मंडळाची. पण आईला हा फरक फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. मी तेव्हा राज्यशास्त्रात एम. ए. करत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता लोकांच्या उठावानंतर होणारी राज्यघटनेची दुरुस्ती आणि त्यात सैन्याची भूमिका. उदाहरण इजिप्तचं. आईने हे भाजीवाल्यापासून क्वार्टरच्या खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि तिच्या सांगण्यात ते हळूहळू "आमची मुलगी इजिप्तची घटना करतेय" असं झालं होतं. जी मुलगी एका देशाची घटना करते तिला एका मंडळाची जमणार नाही, असं कोण म्हणेल?

मला जमणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी वाचताना माझे ओठ हलतात. शिवाय मी चार माणसांत बोलत नाही. चार हा आकडाही जास्तच आहे. दोन माणसं समोर असली की मी तिसरीकडे बघायला लागते. लिहिताना मात्र मी वाघीण असते. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाच्या समासात माझ्या गाईड मॅडमनी पेन्सिलीने 'बोल्ड' असं लिहिलं होतं. मला आयुष्यात कुणी बोल्ड म्हटल्याची ती एकमेव वेळ. मी ते पान कितीतरी दिवस उशीखाली ठेवलं होतं, हे इथे सांगते आहे तेवढंच.

पण आधी आमची क्रांती सांगायला हवी, कारण ती इजिप्तच्या आधी झाली. याचा मला उगाचच अभिमान आहे.

मला कळायला लागल्यापासून मंडळाचे अध्यक्ष एकच होते. कारखान्यात मोठे अधिकारी, आवाज भरदार, गणपतीत पहिली आरती त्यांची, शेवटचं भाषणही त्यांचंच. निवडणूक व्हायची, म्हणजे कुणीतरी त्यांचं नाव सुचवायचं आणि टाळ्या वाजायच्या. एका नवरात्रात त्यांनी हॉल एका ओळखीच्या लग्नाला देऊन टाकला. नेमके ते बायकांच्या फेराचे दिवस होते. आमच्याकडे पुण्या-साताऱ्याच्या बायका भोंडला करतात आणि नागपूरकडच्या भुलाबाई मांडतात. दोघींचं एकमेकींत फारसं जमत नसे. कुणाची गाणी खरी यावर दरवर्षी वाद. त्या वर्षी दोघींनाही हॉलला कुलूप दिसलं, आणि पहिल्यांदाच त्या एका बाजूला आल्या.

पुढारी माझी आई. ती नागपूरची. तिने भुलाबाईची मूर्ती उचलली, साताऱ्याच्या काकूंनी पाटावर काढलेला हत्ती उचलला, आणि सगळ्याजणी अध्यक्षांच्या बंगल्यासमोर रस्त्यावर गेल्या. हत्ती त्यांच्या स्कूटरला टेकवून ठेवला आणि फेर धरला. गाण्यात सासू-नणंदेची नावं असायची तिथे अध्यक्षांचं नाव बसवलं. नाव लांब असल्यामुळे चालीत बसेना, तर ते नुसतं ओढून ओढून म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या पत्नी खिरापतीचा डबा घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी डबा हत्तीपुढे ठेवला, पदर खोचला आणि फेरात शिरल्या. अध्यक्षांनी संध्याकाळी राजीनामा दिला.

मी कुठे होते? समोरच्या क्वार्टरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. क्रांतीचं निरीक्षण करत होते.

राजीनामा आला तरी हॉलला कुलूपच होतं. ते उघडलं मेजरसाहेबांनी. ते सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, मग आमच्या कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते, आणि तिथूनही निवृत्त झाल्यावर टाऊनशिपला लागून असलेल्या अयोध्या नगरात घर बांधून राहत होते. सरळ पाठ, पांढऱ्या मिशा, साताऱ्याची मराठी आणि फौजेतली हिंदी. ते आले, चौकीदाराकडे नुसतं बघितलं, आणि कुलूप निघालं. बायकांनी त्यांना ओवाळलं. लोकांनी फोटो काढले. कुणीतरी आपलं तान्हं मूल त्यांच्या कडेवर दिलं.

"नवी घटना होईपर्यंत मेजरसाहेबांनीच बघावं," असं त्याच दिवशी हॉलच्या पायरीवर ठरलं. टाळ्या.

आणि त्यांनी बघितलं. खरं सांगायचं तर मंडळ इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं. कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर सुरू. खुर्च्या दोरी धरून लावलेल्या. महाप्रसादाला रांग, रांगेला शिट्टी. पूर्वी वरच्या ग्रेडचे अधिकारी मधूनच घुसायचे; आता तेही ताट घेऊन उन्हात उभे. बाबा तर भारावूनच गेले. ते कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होते आणि शिस्तीवर त्यांचं फार प्रेम, विशेषतः दुसऱ्यांच्या.

काही महिन्यांनी टीव्हीवर इजिप्त दिसायला लागलं. चौकात माणसंच माणसं. तिथलेही अध्यक्ष गेले. लोक रणगाड्यांवर चढून सैनिकांना मिठ्या मारत होते, मुलांना वर बसवून फोटो काढत होते. सैन्याने सांगितलं, थोडेच महिने, मग आम्ही जातो. बाबा वरण-भात कालवता कालवता म्हणाले, "बघ, आपल्यासारखंच." मला ते वाक्य फार बाळबोध वाटलं. मी ताबडतोब आत जाऊन प्रबंधाचा विषय ठरवला.

त्या उन्हाळ्यात माझी दोन आयुष्यं होती. सकाळी, पंख्याखाली, चौथं प्रकरण. त्यात मी इंग्रजीत कडाडत होते. उठावानंतर लोक सैन्यावर विश्वास टाकतात ते त्याने कुलूप उघडलं म्हणून. पण जो कुलूप उघडतो त्याच्याकडे किल्ली राहते. सैन्य नेहमी म्हणतं, योग्य वेळी जाऊ. 'योग्य वेळी' हे शब्द कुठल्याही घटनेत दिसले तर नागरिकांनी सावध व्हावं. वगैरे. मला माझीच वाक्यं आवडायची. मी ती दबक्या आवाजात वाचून बघायचे.

दुपारी चारनंतर, मेजरसाहेबांच्या घरी घटना समिती. आम्ही तिघं: ते, चिटणीसकाका आणि मी. चिटणीसकाका कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झाले होते. त्यांना प्रत्येक गोष्ट आधी लिहून ठेवायची सवय. मेजरसाहेब स्वतः आल्याचा चहा करायचे, कारण काकू वारल्या होत्या आणि दोन्ही मुलं लांबच्या पोस्टिंगवर. कप बशीत ठेवताना आवाज होऊ द्यायचे नाहीत. मग म्हणायचे, "बोल बेटा, कलम किती झाली?"

मी कधीच बोलत नसे. लिहून दाखवत असे.

आठ कलमांपर्यंत ठीक चाललं. सभासद कोण, सभा कधी, हॉल कुणाला द्यायचा आणि नवरात्रात कुणालाही नाही. मग एका दुपारी मेजरसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक बात सांगू का? ही माणसं चांगली आहेत, पण आपसांत भांडतात. भोंडला का भुलाबाई. उद्या पुन्हा कुणीतरी त्या अध्यक्षासारखा येईल. वर कुणीतरी पाहिजे. निवडणुकीत न पडणारा. नजर ठेवणारा."

"मार्गदर्शक," चिटणीसकाका म्हणाले. त्यांनी शब्द आधीच शोधून ठेवला होता.

"हां. स्थायी. उमेदवार कोण कोण, ते त्याने बघावं. ठीक असेल तर निवडणूक लावावी."

मी मान खाली घालून लिहून घेत होते. माझ्या आत चौथं प्रकरण जोरजोरात दार वाजवत होतं. मी वर बघितलं. मेजरसाहेबांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि जरा वेळाने, आमच्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी पाचला उठायची आदत आहे, बेटा. उठून जायचं कुठे, ते मंडळामुळे कळतं."

हे कुठल्याही प्रकरणात नव्हतं. इजिप्तच्या सैन्याला सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न असेल, असं मी कधी वाचलं नव्हतं. मी कलम नऊ लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, सजवून लिहिलं. "कार्यकारिणीच्या निवडणुकीस उभे राहू इच्छिणाऱ्या सभासदांची नावे स्थायी मार्गदर्शक तपासतील व त्यांच्या संमतीनंतर, योग्य वेळी, निवडणूक घेण्यात येईल." ते 'योग्य वेळी' माझं. मेजरसाहेबांनी सांगितलं नव्हतं. वाक्यात जरा तोल हवा होता म्हणून मी घातलं.

"वा," मेजरसाहेब म्हणाले. "काय लिहिते पोरगी! इंग्लिश मीडियम वाटत नाही."

मी खूश होऊन घरी आले. रस्ताभर खूश होते.

आईने मसुदा डाळ निवडता निवडता वाचला. आईचं मराठी चांगलं. ओठ न हलवता वाचते. नऊवर थांबली. मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"म्हणजे मला उभं राहायचं असलं तर मेजरसाहेबांना विचारावं लागणार?"

तिला उभं राहायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाबांना आधीच माहीत होतं, शेजारच्या काकूंना माहीत होतं, अध्यक्षांच्या पत्नीलाही माहीत होतं. एकट्या मला नव्हतं, कारण मी घरात निरीक्षण करत होते ते इजिप्तचं. भुलाबाईपासून सगळ्याजणी तिच्या मागे होत्या, आणि गणपतीच्या आधी निवडणूक झाली तर पहिल्यांदा अध्यक्षपदावर एक बाई बसणार होती. नाही झाली, तर पुन्हा वर्षभर मेजरसाहेब. पुढच्या वर्षी तिची ही हवा राहील का, कुणी सांगावं.

"ही संक्रमणकाळातली व्यवस्था आहे," मी म्हणाले. एवढं एक मराठी वाक्य मला पाठ होतं.

"कधीपर्यंत?"

मी कागदाकडे बघितलं. "योग्य वेळेपर्यंत."

"मेजरसाहेब मला नाही म्हणतील असं नाही," आई म्हणाली. "पण मी का विचारू? कुलूप त्यांनी उघडलं, ठीक. तीन दिवस उन्हात मी गोल फिरले ना?" मग डाळीतला खडा बाजूला ठेवत म्हणाली, "तू इजिप्तबद्दल काय लिहिलंस गं?"

"की सैन्याने बॅरकमध्ये परत जावं. ठरलेल्या तारखेला. अटी न घालता."

"छान आहे," आई म्हणाली, आणि डाळ धुवायला उठली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "पण मेजरसाहेब आल्यापासून टँकर वेळेवर येतो, हे मानावं लागेल." टँकरचा आणि मंडळाचा काहीही संबंध नव्हता. पण बाबांना वाटत होतं की मेजरसाहेबांच्या शिट्टीला पाणीसुद्धा घाबरतं. आई आतून म्हणाली, "मग तुम्ही त्यांच्याकडेच राहायला जा." बाबांनी पेपर उघडला.

सभेच्या आदल्या संध्याकाळी चिटणीसकाका सायकलवरून आले. त्यांच्याकडे उद्याच्या सभेचं इतिवृत्त होतं. तयार. ही आमच्या मंडळाची जुनी पद्धत. सभा संपल्याबरोबर लोक नाश्त्याकडे जातात, सहीला कुणी हाती लागत नाही, म्हणून चिटणीसकाका सभेत काय झालं ते आदल्या दिवशीच लिहून सह्या घेतात. तोपर्यंत कधी फार चुकलंही नव्हतं. त्यात लिहिलं होतं की सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, कलम एक ते बारा सर्वानुमते मंजूर झाली, कुणाचीही हरकत नव्हती, आणि सभेचे अध्यक्ष म्हणून मेजरसाहेबांनी आभार मानून अल्पोपाहाराची घोषणा केली. सूचक म्हणून माझं नाव होतं.

"इथे सही कर," काका म्हणाले.

मी म्हणणार होते की सभा तर उद्या आहे. पण ते दारात उभे होते, सायकल स्टँडवर नव्हती, एका हाताने धरून ठेवली होती. मी सही केली. उद्या मी काय करणार होते ते मी आजच सहीनिशी मान्य केलं. मग आत जाऊन पाचव्या प्रकरणात जनतेच्या संमतीवर दोन पानं लिहिली.

रविवारी हॉल भरला. खुर्च्या सरळ. मागच्या खोलीत पोहे तयार होत होते, आणि भोपाळात आता आमच्याही लोकांना पोह्यांबरोबर जलेबी लागते, त्यामुळे जलेबीवाला बाहेर कढई लावून बसला होता. वासाने सगळ्यांच्या माना त्या दिशेला. जुने अध्यक्ष शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून होते. आई तिसऱ्या रांगेत, शेजारी साताऱ्याच्या काकू. आईने फिकट निळी सुती साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर उभी धरली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मला दिसत होतं, कारण बघणं हेच माझं काम.

चिटणीसकाका कलमं वाचत सुटले. त्यांची वाचायची गती पोह्यांच्या तयारीप्रमाणे वाढत होती. कलम, सूचक, अनुमोदक, "हरकत? नाही. मंजूर." हे सगळं एका श्वासात. हरकत आणि नाही यांच्यात कुणाला बोट वर करायलाही जागा नव्हती. प्रत्येक कलमाला मेजरसाहेब मान हलवत होते, टाळ्या वाजत होत्या. पाच. सहा. मी मनात चौथ्या प्रकरणातला परिच्छेद जुळवत होते. तो इंग्रजीत होता. त्याचं मराठी करायला घेतलं तर क्रियापद कुठे ठेवायचं ते कळेना. सात झालं. हिंदीत बोलावं का? हिंदी मला येते, पण मराठी मंडळाच्या घटनेवर हिंदीत हरकत घेतली असती तर मूळ प्रश्न राहिला असता बाजूला आणि त्याच्यावरच संध्याकाळपर्यंत वाद झाला असता. आठ.

"बाहेर जलेबी निघाली," कुणीतरी म्हणालं.

"कलम नऊ," चिटणीसकाका म्हणाले, वाचलं, माझं नाव घेतलं. अनुमोदक म्हणून बाबांचं नाव निघालं. बाबा दचकले, आदल्या संध्याकाळी काकांच्या कागदावर सही करताना त्यांनी वाचलंच नव्हतं. आईने सावकाश मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघायला लागले. "हरकत? नाही. मं—"

मी उभी होते. कशी उठले ते सांगता येणार नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज इतका मोठा झाला की जलेबीकडे निघालेली दोन माणसं दारात थांबली. चिटणीसकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग इतिवृत्ताकडे, पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या कागदात मी उभी राहत नव्हते.

"बाहेर जायचंय का बेटा? जा, जा," मेजरसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. त्यांनी समोरच्या माणसाला खुणावलं, "पंखा वाढव जरा, पोरीला गरम होतंय."

पंखा वाढला. समोरच्या टेबलावरचे कागद उडायला लागले आणि चिटणीसकाकांनी ते दोन्ही तळव्यांनी दाबून धरले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. चारापेक्षा बरीच जास्त माणसं होती. मेजरसाहेब माझ्याकडे बघून हसत होते, आणि ते हसत होते म्हणून मला आणखी अवघड होत होतं. ते वाईट असते तर मी केव्हाच बोलले असते, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं नव्हतं. ते वाईट असते तर मी गच्चीवर टाकीच्या मागे गेले असते.

"तिला काही म्हणायचंय वाटतं," जुने अध्यक्ष शेवटच्या रांगेतून म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याला बोलू द्या म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

"बोल," मेजरसाहेब म्हणाले. ते आता हसत नव्हते, पण रागावलेही नव्हते. ते नीट, सरळ बसून ऐकत होते.

"काका," मी मेजरसाहेबांना म्हणाले, आणि आवाज माझा वाटला नाही, "हे कलम मीच लिहिलंय, सूचक मीच आहे, आणि हरकतही माझीच आहे. निवडणूक गणपतीच्या आधी घ्या. आई उभी राहणारे, आणि ती कुणाला विचारणार नाहीये."